झुरिक ते म्युनिक, आल्प्स दोनदा ओलांडून (आणि एकदाही घाई न करता)

झुरिकहून मिलानला जायचं असं कुठल्याही ॲपला सांगितलं की ते सव्वातीन-साडेतीन तासांची थेट गाडी दाखवतं. ती गाडी गोटहार्डच्या नव्या बोगद्यातून जाते, २०१६ ला सुरू झालेला, ५७ किलोमीटर लांब, जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा. इंजिनिअरिंग म्हणून कमालच आहे, पण मला आल्प्स बघायचे होते आणि ही गाडी आल्प्सच्या खालून जाते! वीसेक मिनिटं खिडकीत फक्त आपलाच चेहरा दिसतो. म्हणून ठरवलं की आपण वरून जायचं. जाताना बर्निना खिंडीतून इटलीत उतरायचं आणि परत येताना ब्रेनर खिंडीतून ऑस्ट्रियामार्गे म्युनिक. मी, नवरा आणि माझी आई. आईचे गुडघे आता फार साथ देत नाहीत त्यामुळे बॅगा कमी, जिने कमी आणि गाडी बदलताना भरपूर वेळ ह्या तीन अटी पहिल्या दिवसापासून होत्या आणि खरं सांगते, त्या अटींमुळेच प्लॅन इतका छान झाला.

बहुतेक जण आधी गाड्या शोधतात आणि मग मधे वेळ उरला तर उतरायचं बघतात. मी उलटं केलं. आधी नकाशा घेऊन ठरवलं की कुठे उतरायचंय, म्हणजे फिलिझूर, आल्प ग्र्यूम, पोस्कियावो, वारेन्ना, बोल्झानो, आणि मग त्यांना जोडणाऱ्या गाड्या बघितल्या. असं केलं की लक्षात येतं ह्यातल्या बऱ्याच ठिकाणी साधी रिजनल गाडी थांबते आणि तिला रिझर्वेशन लागतच नाही. सगळे जण ज्या 'बर्निना एक्सप्रेस'चं नाव घेतात तिला मोठ्या काचांचे डबे आहेत, पण रिझर्वेशन सक्तीचं, त्याचे पैसे वेगळे, आणि मधे उतरलात की ती सीट गेली. त्याच रुळांवरून साधी लाल गाडी साधारण दर तासाला धावते, तेच डोंगर तेच पूल, शिवाय तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. फोटो काढणाऱ्यांनी तर हीच घ्यावी, काचेत रिफ्लेक्शन येत नाही.

आता व्हिसा, कारण आपल्या लोकांचं घोडं इथेच अडतं. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा, आणि रात्री सारख्या असतील तर जिथे आधी पाय ठेवणार तिथे. आमच्या रात्री इटलीत जास्त होत्या म्हणून विमान झुरिकला उतरणार असलं तरी अर्ज इटलीचा केला. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेवढ्या आधी केलेला बरा, कारण फास्ट गाड्यांची स्वस्त तिकिटं लवकर संपतात आणि ती बहुतेक वेळा परत होत नाहीत. म्हणून आम्ही व्हिसा हातात येईपर्यंत एकही नॉन-रिफंडेबल तिकीट काढलं नाही, हॉटेलं फ्री कॅन्सलेशनवाली घेतली आणि अर्जाला गाड्यांच्या नावांसकट दिवसवार प्लॅन जोडला. रिजनल गाड्यांची गंमत ही की त्यांचं भाडं ठरलेलं असतं, सहा महिने आधी काढा नाहीतर त्याच सकाळी, फरक नाही. त्यामुळे पूर्ण प्रवासात आधी बुक करावं लागलं ते फक्त मिलान-व्हेरोना आणि बोल्झानो-म्युनिक.

रेल्वेचा पास (एकदाच पैसे भरून ठरावीक दिवस गाड्यांनी फिरायचं) घ्यायचा का हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. आपण युरोपचे रहिवासी नाही म्हणजे आपल्याला युरेल पास, तिथल्या लोकांना इंटररेल. पास चांगला आहे, पण फ्रान्सच्या टीजीव्ही आणि इटलीच्या फ्रेच्चा ह्या फास्ट गाड्यांना पास असूनही सीटचं रिझर्वेशन वेगळं काढावं लागतं, हे लोकांना तिथे गेल्यावर कळतं. रोज लांब पल्ला असेल तर पास परवडतो, आमच्यासारखं थांबत थांबत जायचं तर सुटी तिकिटंच बरी. स्वित्झर्लंडमधे जास्त दिवस असाल तर स्विस ट्रॅव्हल पास बघा, तो पार तिरानोपर्यंत चालतो, जे खरं तर इटलीत आहे.

तर निघालो. झुरिकहून कूरची गाडी, सव्वा तासाची. डाव्या बाजूला बसा! आधी झुरिकचं तळं आणि मग वालेनझे, आणि त्याच्या पलीकडे खुरफिर्स्टनचे कडे सरळ पाण्यातून उभे राहिल्यासारखे. कूरला गाडी बदलायची. स्टेशन तेच, पण पलीकडच्या फलाटांवर रूळ अरुंद, मीटर गेज, तिथून ऱ्हेटियन रेल्वेच्या लाल गाड्या सुटतात. स्विस वेळापत्रकाची बांधणीच अशी आहे की मोठ्या जंक्शनवर गाड्या आसपासच्याच वेळेला येतात आणि थोड्याच मिनिटांत पुढच्या सुटतात, म्हणून ॲप सहा-सात मिनिटांचं कनेक्शन बिनधास्त देतं आणि ते बहुतेक वेळा मिळतंही. पण आई बरोबर होती, म्हणून मी एक गाडी सोडून पुढची धरली. त्या तासाभरात स्टेशनवरच्या सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, फळं घेतली, बाटल्या नळाला भरल्या (स्वित्झर्लंडमधे नळाचं पाणी खुशाल प्या) आणि आईने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा बाकावरच उघडला.

कूर सोडल्यावर तिएफेनकास्टेलच्या पुढे लांडवासरचा पूल येतो. ६५ मीटर उंच, १३६ मीटर लांब, दगडी, वळणावर बांधलेला, आणि संपतो तो थेट कड्यात, म्हणजे गाडी पुलावरून सरळ बोगद्यात शिरते. १९०२ साली पूर्ण झाला. गाडीतून तो दिसतो काही सेकंदच, म्हणून आम्ही पुढच्याच फिलिझूरला उतरलो. तिथून जंगलातून चालत पुलाच्या खालपर्यंत जाता येतं. आई स्टेशनजवळ बसून राहिली, आम्ही दोघं जाऊन आलो. खाली उभं राहिलं की आधी आवाज येतो, मग कड्याच्या भोकातून लाल इंजिन बाहेर येतं आणि अख्खी गाडी त्या उंच खांबांवरून वळत जाते. ऑक्टोबर २०२२ मधे ह्याच मार्गावरून शंभर डब्यांची, जवळजवळ दोन किलोमीटर लांब पॅसेंजर गाडी चालवून ऱ्हेटियन रेल्वेने जागतिक विक्रम केला होता, स्विस रेल्वेच्या १७५ वर्षांनिमित्त.

फिलिझूरच्या पुढे बेर्ग्यून ते प्रेडा हा तुकडा खिडकीला नाक लावून बघायचा. सरळ रेषेत पाचेक किलोमीटर अंतर आणि चढ चारशे मीटरच्या वर, तेवढं थेट चढणं अशक्य, म्हणून रूळ डोंगरात गोल गोल फिरवून बारा किलोमीटरच्या वर लांबवलेत. एकच चर्च आधी डावीकडे दिसतं, मग उजवीकडे, मग खूप खाली. आई म्हणाली, "अगं, हे मघाशी गेलं ना आपलं? परत कसं आलं?" मी तिला फोनवर नकाशा दाखवला, आमचा निळा ठिपका स्वतःच्याच वाटेवर फिरत होता.

सेंट मॉरिट्झला गाडी बदलून बर्निना लाईन. हिचा चढ हजाराला ७०, म्हणजे चौदा मीटरला एक मीटर, आणि तोही दात्यांच्या रुळाशिवाय, फक्त चाकांच्या पकडीवर. आईचं बालपण नेरळचं, माथेरानची गाडी तिच्या घरासमोरून जायची, त्या गाडीचा चढ विसाला एक आहे हे तिला वडिलांनी सांगितलेलं अजून आठवतं. त्यामुळे चौदाला एक म्हटल्यावर ती एकदम सावरून बसली आणि पुढचा सगळा घाट तिने रुळांकडे बघत काढला! अजून एक जोड मला फार आवडते, ही अल्बुला-बर्निना लाईन (अल्बुला म्हणजे आम्ही आलो तो सेंट मॉरिट्झपर्यंतचा घाट) युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली २००८ ला आणि आपली कालका-शिमलासुद्धा त्याच वर्षी.

सेंट मॉरिट्झकडून जाताना उजवी बाजू घ्या. मोर्टेराचचा हिमनद उजवीकडे, लागो बियांको हे तळंही उजवीकडे. २२५३ मीटरवर ओस्पिझियो बर्निना हे ह्या लाईनवरचं सगळ्यात उंच स्टेशन. तिथे दोन तळी जवळजवळ आहेत, मधे एक बांध. एका तळ्याचं पाणी इन नदीतून डॅन्यूबला आणि शेवटी काळ्या समुद्रात जातं, दुसऱ्याचं पो नदीतून एड्रियाटिकमधे. मला हे वाचून माहीत होतं, पण प्रत्यक्षात एक काळसर आणि एक दुधासारखं पांढुरकं अशी तळी शेजारी शेजारी बघून अंगावर काटा आला.

पण थांबायचं असेल तर त्याच्या पुढचं आल्प ग्र्यूम. उंची २०९१ मीटर, गावच नाही, एक दगडी स्टेशन आणि त्यातच रेस्टॉरंट, मोटारीचा रस्ता तिथे येत नाही. गाडी गेली की फलाटावर वारा आणि गाईंच्या घंटा एवढंच. समोर पाल्यूचा हिमनद, त्याच्या खाली हिरवट तळं, आणि खाली दरीत पोस्कियावोपर्यंतचे रूळ वळणं घेत उतरताना दिसतात. रेस्टॉरंटच्या गच्चीवर आम्ही सूप घेतलं, आईने शाल गुंडाळली. खालून वर येणारी गाडी आधी मुंगीएवढी दिसली, मग झाडांत गेली, परत दिसली पण तोंड दुसरीकडे, असं करत करत एकदाची आमच्यासमोर येऊन उभी राहिली. तासाभराने पुढची गाडी धरायची असं ठरलेलं, आम्ही ती सोडली आणि तिच्या मागची घेतली. रिझर्वेशन नसण्याचा हाच फायदा!

रात्री पोस्कियावोला राहिलो. देश स्वित्झर्लंडच, पण भाषा इटालियन, घरं इटालियन, जेवण इटालियन. शाकाहारी मंडळींनी नाव लिहून ठेवा, पित्झोकेरी. कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, त्यात कोबी किंवा पालकासारखी भाजी, बटाटा, भरपूर चीज आणि लसणाची फोडणी दिलेलं लोणी. उपासाच्या पिठाचं हे लोक काय करतात बघ, म्हणून आईने दोनदा घेतलं. पलीकडच्या व्हाल्तेलिना खोऱ्याची ही खासियत, त्यामुळे तिरानोतही मिळते.

दुसऱ्या दिवशी उतार. तळ्याच्या काठाने ले प्रेझेला गाडी चक्क गावच्या रस्त्यातून जाते. मग ब्रुझियोचा तो प्रसिद्ध गोल पूल, नऊ कमानींचा, गाडी वरून गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून बाहेर पडते, कारण दरी अरुंद आणि उंची तर कमी करायचीय. आणि तिरानोत शिरताना मादोन्नाच्या बॅसिलिकासमोरच्या (मोठ्या चर्चसमोरच्या) चौकातून गाडी मोटारींच्या बरोबरीने जाते, मोटारी थांबतात, माणसं कॉफीचे कप घेऊन बघत बसतात. आल्प्समधल्या २२५३ मीटरवरून ४२९ मीटरवर आलेलो असतो, स्वेटर काढायची वेळ.

तिरानोला दोन स्टेशनं आहेत, स्विस आणि इटालियन, एकाच चौकात, चालत दोन मिनिटं. इटालियन गाडी साधारण दोन तासांनी एक, म्हणून इथलं कनेक्शन आधी बघून ठेवा. मिलानला अडीच तास, पण आम्ही मधे वारेन्नाला उतरलो. कोमो तळं उजव्या बाजूला. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या मशीनमधे त्यावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. वारेन्नाहून बोटीने बेलाज्जो, तिकडे दुपार काढायची आणि संध्याकाळी परत. सुंदर आहेच, पण गर्दी फार, मला पोस्कियावो जास्त आवडलं.

मिलान, व्हेरोना यांच्याबद्दल सगळे लिहितात, मी नाही लिहीत. व्हेरोनाहून उत्तरेला ब्रेनरची लाईन, आणि तिच्यावर बोल्झानो. स्टेशनवर पाटी दोन भाषांत, बोल्झानो आणि बोत्सेन, कारण पहिल्या महायुद्धापर्यंत हा भाग ऑस्ट्रियाचा होता. स्टेशनपासून थोडं चाललं की केबल कार, ती थेट रेनोनच्या पठारावर नेते आणि तिथे १९०७ पासून चालणारी छोटी ट्राम आहे, जुने लाकडी डबे अजूनही काही फेऱ्यांना जोडतात. आपली माथेरानची गाडीही १९०७ चीच! आईला हे सांगितल्यावर तिने ट्रामच्या दाराशी उभं राहून फोटो काढायला लावला आणि तो लगेच नेरळच्या मामाला पाठवला.

शेवटचा टप्पा बोल्झानो ते म्युनिक, थेट गाडी. ब्रेनर खिंड १३७१ मीटर, लाईन १८६७ ची, आणि ती खिंड उघड्यावरून पार करते, माथ्यावर मोठा बोगदाच नाही. सध्या खालून ५५ किलोमीटरचा नवा बोगदा खणतायत, तो झाला की फास्ट गाड्या खालून जातील. म्हणजे ज्यांना हा घाट मोठ्या गाडीतून बघायचाय त्यांनी लवकर जावं असं मी कळकळीने सांगीन.

आणि एक, म्युनिकहून विमान असेल तर त्याच दिवशी ट्रेनने येऊन विमान पकडायचा प्लॅन करू नका. जर्मनीत २०२४ मधे लांब पल्ल्याच्या साधारण ६२ टक्केच गाड्या वेळेवर होत्या. पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट असेल तर कनेक्शन चुकल्यावर पुढच्या गाडीने जाता येतं, आणि शेवटी पोचायला तासभर उशीर झाला तर पाव भाडं, दोन तास झाला तर अर्धं भाडं मागता येतं, पण विमान काही थांबत नाही. आम्ही आदल्या दुपारीच पोचलो, स्टेशनजवळच हॉटेल घेतलं आणि सकाळी एस-बानने (तिथली लोकल) एअरपोर्ट गाठलं.