पिवळा चिखल

दुपारी उंबऱ्यापाशी चपला वाळत टाकल्या होत्या. तळव्यांचा चिखल उन्हानं तडकून त्याच्या खपल्या सुटायला लागल्या होत्या आणि भाची तिथंच फतकल मारून एकेक खपली नखानं उचकटत होती. दहा वर्षांची आहे. खपली दिसली की काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही, मग ती गुडघ्यावरची असो की चपलेवरची.

"मामा, सकाळी कुठं गेला होतास गरवायला?"

"नेहमीच्याच जागी. पुलाखाली."

तिनं एक खपली उजेडात धरून उलटसुलट पाहिली. "पुलाखालचा चिखल काळा असतो."

मी वर्तमानपत्रात डोकं घातलं. एकच बातमी तीनदा वाचली. पकडला गेल्याची लाज वगैरे काही वाटली नाही, कारण हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. तिच्याएवढा असताना ते माझ्याही जिभेवर आलं होतं, आणि मी ते गिळलं होतं.

मासे धरणारी माणसं माशाच्या लांबीबद्दल खोटं बोलतात असा आमचा लौकिक आहे. तो आमच्यावर अन्याय आहे. लांबी आम्ही फक्त थोडी वाढवून सांगतो. खोटं बोलतो ते जागेबद्दल. "नदीवर गेलो होतो" याचा अर्थ सांगायचं नाही. "त्या वळणाच्या जरा पुढे" म्हणजे वळणाच्या बऱ्याच अलीकडे. आणि कुणी आपण होऊन, खाणाखुणांसकट, पायवाटेच्या काट्याकुट्यांसकट जागा समजावून सांगायला लागला, की ओळखावं, तिथं गेल्या कित्येक महिन्यांत शेपूटसुद्धा हललेली नाही. ज्याला गळाचा नाद नाही त्याला हे कोतेपणाचं वाटतं. वाटो.

खरं तर चांगली जागा लपवण्यात अर्थ नसतो. पाणी वाचता येणाऱ्याला ती दिसतेच. वाहत्या पाण्यात मोठा दगड असेल तर त्याच्या मागं पाणी मंदावतं, उलटं फिरतं. मासा तिथं विसावतो, आणि दोन हातांवरून धार जात असते तिच्यातून वाहत येणारं खाद्य मटकन टिपून परत जागेवर येतो. फुकट पोहण्याची त्याला हौस नसते. उन्हाळ्यात तोच मासा दगड सोडून पाणी जिथं कोसळतं, फेसाळतं, तिथं किंवा सावलीत सरकतो. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. शून्य अंशाच्या गोड्या पाण्याच्या लिटरमध्ये साडेचौदा मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, तीस अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे भर उन्हात उघड्यावरच्या संथ, कोमट पाण्यात गळ टाकून बसणाऱ्याची तपश्चर्या होते, मासेमारी होत नाही. समुद्रातल्या खडकांवरची गंमत आणखी निराळी. तिथं जागा असून भागत नाही, वेळही लागते, आणि ती वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. भरतीचं पाणी फटीफटीतून आत यायला लागलं की अर्धापाऊण तास नुसती धमाल. त्याच खडकावर ओहोटीला पाणी उतरलं असताना जाऊन बसा, कालवांनी पाय फाडून घेण्यापलीकडं काही होत नाही. मला समुद्र फारसा मानवत नाही. तो सारखा काहीतरी बोलत असतो.

मला डोह बरा. माझ्या डोक्यातला डोह एकच आहे, माझ्या मामाचा.

नदीला एक कोपरा होता. एक झाड कधीतरी उन्मळून पाण्यात आडवं झालेलं, त्याच्या मुळांची जाळी अर्धी वर, अर्धी खाली. त्या मुळांनी आमचे जितके गळ खाल्ले तितके माशांनी खाल्ले नसतील. काठावर बसायला दोन दगड. एक सपाट, पाटासारखा, तो मामाचा. दुसरा उतरता, तो माझा. त्याच्यावर बसलं की माणूस हळूहळू पाण्याकडं घसरायला लागतो, म्हणून मी टाचा रोवून बसायचो. मामाची काठी साधी होती, तंगूस दोन ठिकाणी गाठ मारलेलं, आणि बूच बाटलीचं. ते त्यानं ब्लेडनं तासून मामीच्या नेलपॉलिशनं अर्धं लाल केलं होतं. मामीला ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. बाटली आटत गेली तेव्हा घरात थोडी चौकशी झाली होती, एवढं आठवतं.

त्या लाल टिकलीकडं मी जितक्या एकाग्रतेनं पाहिलं तितकं पुढं आयुष्यात कशाकडंच पाहिलं नाही. आधी ती थरथरायची. पाण्यावर एक बारीक वर्तुळ उमटायचं, मग दुसरं. मग ती जराशी तिरकी व्हायची, पुन्हा सरळ, काही घडलंच नाही अशी. माझा हात शिवशिवायचा. मामा ओठ न हलवता म्हणायचा, "आत्ता नाही." आणि अचानक बूच नसायचंच. पाणी तेवढं असायचं.

मामाचे नियम दोन होते. काठावर ताठ उभं राहायचं नाही, आणि बोलायचं नाही. "बोललास की मासे पळतात."

पहिला नियम पक्का निघाला. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळं खालून वर पाहणाऱ्या माशाला वरचं सगळं जग, आकाश आणि चहूबाजूंचे काठ, साधारण 97 अंशांच्या एका खिडकीत कोंबलेलं दिसतं. खिडकीबाहेर नुसता आरसा, तळ उलटा दाखवणारा. जो उकिडवा बसतो तो खिडकीच्या कडेला चेपून जातो, जो उभा राहतो तो मध्याकडं डोकावतो. मामाला अंश माहीत नव्हते, पण उकिडवं बसणं माहीत होतं.

दुसऱ्या नियमाचं मात्र मला फार उशिरा कळलं. हवेतला आवाज पाण्यावर आपटतो आणि जवळजवळ सगळाच माघारी फिरतो. हजारातला एखादा भाग आत शिरतो. मी तिथं बसून पाढे म्हटले असते तरी माशांना फार तोशीस पडली नसती. त्यांना कळतात ते हादरे. अंगाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत पार्श्वरेषा असते, पाण्याची बारीकशी हालचालही ती टिपते, आणि जमिनीतून येणारी धमक कानालाही लागते. म्हणजे मासे पळत असतील तर ते माझ्या बडबडीनं नव्हे, माझ्या टाचांनी. आणि माझ्या टाचा घासत होत्या, कारण सपाट दगड मामाकडं होता.

हे कळलं त्या दिवशी मी एकटाच मोठ्यानं हसलो होतो. मग लक्षात आलं की मासे हे निमित्त असणार. मामाच्या घरात बोलणारी माणसं पुष्कळ होती. सकाळपासून कुणी ना कुणी त्याला काही तरी सांगत असे, मागत असे, पटवून देत असे. त्याला दोन तास कुणी काही म्हणायला नको होतं, पण कुणी शेजारी असायला हवं होतं. यासाठी दहा वर्षांचा भाचा आणि एक खोटा नियम, दोन्ही सोयीचे.

माणसाला काठाची ही ओढ लागली त्याला किती काळ झाला असेल? जपानच्या ओकिनावा बेटावर साकितारी नावाची गुहा आहे. तिथं शंखाच्या बुडापासून घासून केलेले गळ सापडले, सुमारे 23,000 वर्षांपूर्वीचे. गळाचं नवल आहेच, पण मला त्याहून आवडली ती दुसरी गोष्ट. संशोधकांनी तिथल्या उष्ट्याचा, म्हणजे खेकड्यांच्या नांग्यांचा आणि गोगलगाईंच्या शंखांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की ही माणसं तिथं बहुधा ठरावीक ऋतूतच, शरदात यायची, खेकडे सर्वांत भरलेले असतात तेव्हा. म्हणजे तेव्हाही आवडती जागा होती, आणि जायची वेळ ठरलेली होती. शेजारच्या गुहेतल्यानं विचारलं तर काय सांगत असतील, याची मला कल्पना आहे.

माशांनाही जागेचा लळा असतो. सॅमन मासा ओढ्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला बहुधा जन्माच्या ओढ्यातच परत येतो. कसा येतो, याचा धागा आर्थर हॅसलर या शास्त्रज्ञाला 1946 साली सापडला, तोही प्रयोगशाळेत नव्हे. अमेरिकेतल्या यूटामध्ये, जिथं तो लहानाचा मोठा झाला त्या भागातला डोंगर तो चढत होता. पुढच्या कड्याआड धबधबा होता, अजून दिसत नव्हता. वाऱ्याबरोबर ओल्या शेवाळाचा आणि रानफुलांचा वास आला, आणि कधीच विसरून गेलेलं बालपण, मित्रांसकट, एकदम समोर उभं राहिलं. त्याला वाटलं, मला होतं ते सॅमनला का होऊ नये? पुढं त्यानं आणि त्याच्या विद्यार्थ्यानं नाकपुड्या बुजवलेले मासे सोडून पाहिले. नदीच्या फाट्याशी ते गोंधळले. उघड्या नाकाचे बहुतेक आपापल्या फाट्याला बिनचूक वळले. नंतर तर पिल्लांना लहानपणी मॉर्फोलिन नावाच्या रसायनाचा वास लावला, मिशिगन सरोवरात सोडलं, आणि मोठेपणी एका भलत्याच ओढ्यात त्या रसायनाचे थेंब सोडले. मासे त्या ओढ्यात हजर. त्यांना जागा खोटी सांगितली होती आणि ती त्यांना आपली वाटली. आमच्यावर हसणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

मामाच्या डोहाचा वास मला आजही ओळखता येईल. कुजलेली पानं, ओलं लाकूड आणि तळाचा काळा गाळ. तो गाळ पोटरीपर्यंत चढायचा, घासूनही जायचा नाही, आणि घरी आल्यावर आम्ही कुठं होतो ते सांगायची गरजच उरायची नाही.

म्हणूनच ते माझ्या लक्षात आलं. महिन्यातून एकदा-दोनदा मामा एकटा जायचा. पहाटे, मला न उठवता. दुपारी परत यायचा तेव्हा त्याच्या पायांना काळा गाळ नसायचा. घोट्यापर्यंत पिवळी माती असायची, वाळून भेगाळलेली. पिशवीत मासा नसायचा. त्याचं काही नाही, मासा पुष्कळदा नसतो. पण एकदा गांडुळांचा डबा ठेवायला म्हणून त्यानं माझ्या हातात दिला, आणि तो नेला तसा भरलेला होता. वरची ओली माती आदल्या संध्याकाळी मी थापटली होती, तिच्यावर माझ्याच बोटांचे ठसे होते.

मी पायांकडं पाहिलं. डब्याकडं पाहिलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "डोहावर." आणि मग डोहावर आम्ही दोघं बसायचो त्या सगळ्या सकाळींचंही काहीतरी झालं असतं. हे आत्ता शहाणपणानं लिहितोय. तेव्हा बहुतेक मला नुसता राग आला होता, की मला का नेलं नाही.

मामा गेल्यावर मी ती जागा शोधायला निघालो. नदीकाठानं वरच्या अंगाला, तीनदा. पिवळी माती ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. ती जिथं तिथं होती. काठीचा ठसा, तंगुसाचा तुकडा, लाल रंगाचं बूच, असलं काही सापडेल अशी वेडी आशा होती. काही नव्हतं. तिसऱ्या खेपेला दमून एका उंच दरडीखाली बसलो. समोर उथळ, नितळ पाणी, तळाचे गोटे मोजता यावेत इतकं. दगडाआड भोवरा नाही, मुळं नाहीत, फेस नाही, सावलीही दहानंतर उरत नाही. पाणी वाचता येणारा कुणीही तिथं थांबणार नाही. मासा त्याहून शहाणा.

त्याच जागेवर मी गेली चार वर्षं जातोय. एकूण दोन मासे लागले, तेही वाट चुकलेले असावेत, सोडून दिले. मामाची जागा तीच असेल असं मी म्हणत नाही. नसेलच. आज सकाळीही तिथंच होतो. काठी शेजारी आडवी ठेवली होती. गळ लावलाच नाही.

भाचीनं चपलांचं काम संपवलं होतं. उंबऱ्यावर पिवळ्या खपल्यांची एक छोटी रास झाली होती. हात झटकत ती उठली, आणि कोपऱ्यातल्या डब्याचं झाकण तिनं उघडलं. आत पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

झाकण तिनं हळूच परत लावलं आणि आत निघून गेली.

आता तिला एकदा डोहावर न्यायला हवं. आडवं पडलेलं झाड एका पुरात वाहून गेलं, पण दगड दोन्ही आहेत. सपाट दगड तिला द्यावा की नाही, ते अजून माझं ठरत नाहीये.