नाशिकहून बोर्डी: आधी तिथी बघा, मग सुट्टी टाका

भर दुपारी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीच्या किनाऱ्यावर उभं राहून ‘समुद्र कुठंय?’ असं विचारणारे नाशिककर दर डिसेंबरात दिसतात. इथला किनारा परातीसारखा सपाट आहे. ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि मधे उरतो तो काळपट ओला गाळ. म्हणून बोर्डीची सुट्टी शनिवार-रविवार बघून ठरवू नका, कालनिर्णय बघून ठरवा.

हिशेब तोंडी जमण्याजोगा आहे. तिथीला 48 ने गुणा. येतील तितकी मिनिटं रात्री बारापासून मोजा, ती भरतीची वेळ. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी आणि दोन्हींच्या मधोमध ओहोटी. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं, अमावास्या 15 धरायची. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, अष्टमीला सकाळी साडेसहाच्या आसपास. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा पाण्यात उतरण्यापूर्वी गावातल्या कोळ्यांना विचारून घ्यावं. आमच्या मते सगळ्यात सोयीच्या तिथी एकादशी ते त्रयोदशी. सकाळी नऊ ते साडेदहाला भरती मिळते, म्हणजे डुंबणं होतं. तीन-साडेचारला ओहोटी लागते, म्हणजे वाळूवर लांब फिरणं होतं. सप्तमी-अष्टमीला गेलात तर दुपारी फक्त चिखल बघाल. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जितकं लांब जातं तितकंच वेगानं परत येतं. ते सरळ समोरून येत नाही, आधी मागच्या सखल नाळी भरतात. त्यामुळे पाणी फिरलं की फोटो पुरे, सुरूच्या बनाकडे चालू लागा.

गाडी वाळूवर घालायचा मोह इथे फार होतो, कारण ओली वाळू घट्ट लागते. फसगत होते ती सुरूजवळच्या कोरड्या पट्ट्यात. चाक रुतलं तर रेस करू नका, ते आणखी खोल जातं. हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांपुढे पायपुसणी टाका आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. नंतर हवा भरायला पंप हवा, तो घरूनच घ्या.

आता रस्ता. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, तलवाडा, कासा, चारोटी, डहाणू आणि बोर्डी, अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आत, वेळ मात्र पाच तास धरा. तोरंगण घाटात सकाळी धुकं असतं, त्यामुळे पहाटे पाचला निघण्यात शहाणपण नाही. साडेसातला त्र्यंबक सोडलं तरी पुरे. टाकी नाशिकलाच भरा. जव्हार सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. तिथला मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा बघायला तासभर पुरतो. दाभोसा धबधब्यासाठी मात्र नोव्हेंबरच बरा, जानेवारीत धार बारीक होते. जव्हार सोडून उतरायला लागलं की स्वेटर आपोआप निघतात.

पेठ-कपराडा-वापी हा दुसरा रस्ता. त्यावर ट्रक फार, उतार कडक, आणि वाट गुजरातेतून जाते. तिथे दारूबंदी आहे. थर्टी फर्स्टच्या बेतानं डिकीत बाटली टाकून या वाटेनं जाऊ नका, नाक्यावर गाडी उघडतात. बोर्डीहून उदवाड्याला किंवा उंबरगावला चक्कर मारतानाही हेच लक्षात ठेवा, हद्द अगदी जवळ आहे.

डोंगर चढायचा तर बारडाचा. वर बहरोटची लेणी आहेत. संजाण या आपल्या जुन्या वस्तीवर हल्ला झाल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, इथे आणून बारा वर्षं जपला असं परंपरा सांगते. तोच अग्नी पुढे फिरत फिरत 1742 मध्ये उदवाड्याला स्थिरावला. पारशी लोकांसाठी ही जागा पूज्य आहे, तेव्हा गुहेत खाणंपिणं, आरडाओरडा नको. चढ अस्वली धरणाच्या बाजूनं. जायला दोन तास, माणशी दोन लिटर पाणी, वर काहीही मिळत नाही. हिवाळ्यातही अकरानंतर ऊन टोचतं, सातला पायथ्याशी हवं. गवत वाळलेलं असतं, निसरडं होतं आणि वाटा झाकतं. गावातला माणूस सोबत घ्या, त्याचे पैसे आधी ठरवा.

वाटेत गंजाड लागतं ते वारली चित्रांसाठी. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे याच गावचे. चित्र घ्यायचं तर चित्रकाराच्या घरून घ्या.

डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या बागा टिकल्या त्याचं एक कारण म्हणजे डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. चिकू कालीपत्ती जातीचा मागा. नखानं साल हलकी खरवडा. खाली हिरवं दिसलं तर फळ कोवळं, ते सुरकुतेल पण गोड होणार नाही. पिवळसर दिसलं तर घ्या.

सुक्या बोंबलांचा हंगामही हाच. वलांडीवरून, म्हणजे मासे वाळत घालायच्या दोऱ्यांवरून, उतरलेला चांगला बोंबील फिकट असतो आणि मोडला की कट्कन तुटतो. वाकला तर ओल आहे, घरी नेईतो बुरशी धरेल. बांधायला वर्तमानपत्राचे दोन थर, वर जाड पिशवी, मग झाकणाचा डबा. तरीही चिकूच्या खोक्याशेजारी ठेवू नका, फळाला वास लागतो.

चिकू लाकडी खोक्यात, दोनच थर. घरी आल्यावर कच्ची फळं फ्रिजमध्ये घालू नका, ती पिकतच नाहीत. शिवाय नाशिकच्या थंडीत बोर्डीच्या दुप्पट वेळ लागू शकतो. तांदळाच्या डब्यात पुरा आणि चौथ्या दिवसापासून रोज चाचपत राहा.