दुखतंय म्हणून ताणायचं नसतं

खुर्चीत बसलं की उजवीकडे, ज्या हाडावर आपण टेकतो त्याच्या अगदी टोकाशी, काहीतरी खुपायचं. आधी वाटलं, मांडीचा मागचा स्नायू आखडलाय. आखडलाय म्हणून मी पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकण्यात, रोज जास्त वेळ थांबायला लागले. त्या वेळी मोकळं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी बसणं आणखी जड जायचं. म्हणून मी आणखी ताणायचे. असे चार महिने गेले. तेव्हा योगासनांचा सात वर्षांचा नियमित सराव होता आणि डोळ्यांसमोर हनुमानासन होतं, म्हणजे एक पाय पुढे, एक मागे सरळ पसरून जमिनीवर बसणं.

माझं अंग मूळचंच लवचीक. पहिल्या दिवसापासून तळवे सहज जमिनीला टेकायचे, त्यामुळे पुढची आसनं मला भराभर मिळत गेली. ताकद किती आहे हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.

फिजिओथेरपिस्टने तपासलं आणि दुखणाऱ्या जागेवर बोट ठेवलं. मांडीमागचे स्नायू बसायच्या हाडाला ज्या कंडरेने जोडलेले असतात, ती कंडरा दुखावली होती. खोल पुढे वाकलं की ती ताणली तर जातेच, शिवाय हाडावर दाबलीही जाते. म्हणजे मी उपाय म्हणून जे करत होते, त्यानेच ती रोज चिघळत होती. स्नायूच्या मानाने कंडरेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती सावकाश भरते. नुसती विश्रांती दिली तर दुखणं कमी होतं, पण कंडरा दुबळीच राहते. तिला ताण नको, भार हवा, आणि तोही बेताबेताने वाढवलेला. हे ऐकून मला रडू आलं. पुढचे कित्येक आठवडे उत्तानासन (उभं राहून पुढे वाकणं), पश्चिमोत्तानासन आणि हनुमानासन बंद.

सुरुवात सेतुबंधासनाने झाली. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायची आणि तिथेच ४५ सेकंद थांबायचं, असं पाच वेळा. मग पावलं थोडी लांब ठेवून, मग एका पायावर. पुढच्या टप्प्यात टाचांखाली फडकं घेऊन गुळगुळीत फरशीवर पाय हळूहळू लांब सरकवायचे, कंबर खाली पडू न देता. हा व्यायाम दिसतो साधा, पण तिसऱ्या वेळी मांड्या थरथरायला लागायच्या. शेवटी हातात वजन घेऊन, पाठ सरळ ठेवून, कंबरेतून वाकणं आलं. भार वाढवायचा का नाही, यासाठी एक नियम दिला होता: व्यायाम करताना दुखणं दहापैकी तीनच्या वर जायला नको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाइतकंच असायला हवं. सकाळी जास्त दुखलं तर एक पायरी खाली. वहीत रोजचा आकडा लिहायचे. दोनदा उतावीळपणा केला, दोन्ही वेळा आठवडाभर मागे गेले.

सहा महिन्यांनी दुखणं जवळजवळ गेलं. खरा धक्का मात्र त्याआधीच, योगाच्या वर्गात बसला होता. आमच्या बाईंनी मला पाठीवर झोपवलं, पायाला पट्टा लावून पाय ओढायला सांगितला. पाय छातीच्याही पुढे आला. मग त्या म्हणाल्या, "आता पट्टा सोड. पाय तिथेच ठेव." पाय घसरत खाली आला आणि काटकोनाच्या आसपास थांबला.

"हे मधलं अंतर तुझं नाही, पट्ट्याचं आहे," बाई म्हणाल्या. "तिथे तू जातेस, पण तिथे तुझी ताकद नाही."

त्या एका वाक्याने माझा सगळा सराव बदलला. ताणून ताणून सुरुवातीच्या आठवड्यांत जी लवचीकता वाढते, ती बरीचशी ताण सहन करायची सवय झाल्यामुळे. त्या टोकाला पोचल्यावर सांध्याला धरून ठेवायला स्नायू तयार असतीलच असं नाही. आता प्रत्येक आसनात मी आधी बघते, हात न लावता, पट्टा न लावता कुठवर जाता येतं. तिथे पाच श्वास थांबायचं, स्नायू घट्ट करून. मग सोडायचं आणि जेमतेम बोटभर पुढे.

शीर्षासनाचंही तसंच. मी पाच मिनिटं उभी राहायचे आणि त्याचा अभिमान होता. बाईंनी सांगितलं, हात कोपरापासून जमिनीत इतके दाब, की डोक्याखालून कागद ओढून घेता आला पाहिजे. मला दहा सेकंदही जमलं नाही. इतकी वर्षं सगळं वजन मानेवर होतं, आणि मानेचे मणके एवढ्यासाठी बनलेले नाहीत. शीर्षासन सोडून पुन्हा कोपरांवरच्या अधोमुख श्वानासनापासून, म्हणजे कोपरं आणि पावलं टेकून कंबर वर उचलण्यापासून, सुरू केलं. आमच्या वर्गात काचबिंदू असलेल्या एक काकू आहेत, त्यांना बाई शीर्षासन करूच देत नाहीत. त्या स्थितीत डोळ्यांतला दाब जवळपास दुप्पट होतो. रक्तदाब वाढलेला असेल, मानेचं किंवा हाडं ठिसूळ होण्याचं दुखणं असेल, तरी आधी डॉक्टरांना विचारायचं, याबाबत त्या फार कडक आहेत. मला ते पूर्ण पटतं.

पद्मासन मी डावीकडून सोडूनच दिलं. पाय खुब्यातून वळायला हवा, तिथे वळला नाही की गुडघा पिळतो, आणि गुडघा पिळण्यासाठी नाही. खुब्याची खोबण प्रत्येकाची वेगळी असते, ती सरावाने बदलत नाही.

दुखण्यातला फरक ओळखायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. स्नायूच्या मधोमध पसरलेली, श्वासाबरोबर सैलावणारी ओढ चालते. सांध्याजवळ किंवा हाडाच्या टोकाशी टोचलं, तर लगेच मागे यायचं. झिणझिण्या आल्या, बधिर वाटलं, तर ती नस असते, तिला ताणायचं नाही. आणि श्वास अडला, दात आवळले गेले, तर दुखत नसलं तरी मी एक पायरी मागे येते. अवघड आसनं आठवड्यातून तीनच दिवस, अंग पूर्ण तापल्यावर. मधल्या दिवशी हलकं काहीतरी. पूर्वी रोजच्या रोज करायचे आणि त्यालाच शिस्त समजायचे.

हनुमानासनाला पुन्हा हात लावला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. दोन्ही हातांखाली विटा (आसनात टेकू द्यायचे ठोकळे), पुढच्या मांडीखाली जाड गादीसारखी घडी. आता खाली जाताना मी पाय सैल सोडत नाही. पुढची टाच आणि मागचा गुडघा एकमेकांकडे ओढते, कात्री मिटावी तसे, आणि तो जोर कायम ठेवून उतरते. तळाशी गेल्यावर हात विटांवरून उचलून बघते. पायांनी धरलं तरच एक घडी कमी करायची, नाहीतर नाही. पहिल्यांदा हात उचलले तेव्हा तीन श्वास टिकले आणि हाडाच्या टोकाशी काहीच झालं नाही. मी तशीच, हात हवेत ठेवून, बाईंकडे बघत राहिले.

डाव्या बाजूला आता जमीन लागते. उजव्या बाजूला अजून चार बोटं बाकी आहेत, तिथे घडी केलेली चादर असते.