पोलो जीटीला मडफ्लॅप : चार शनिवारांची नोंद

गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१८ ची, १.२ लिटर इंजिन, सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), रंग पांढरा. चाकणच्या कारखान्यातून निघालेली, म्हणजे आमच्या कोथरूडच्या घरापासून तासा-दीड तासावर जन्मलेली. २०२२ मध्ये आपल्याकडे पोलोचं उत्पादन थांबलं. तेव्हापासून या गाडीचा पत्रा आणि रंग मी जास्तच जपतो, कारण अशी दुसरी नवी मिळणार नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये चिपळूणहून आल्यावर गाडी धुतली आणि डाव्या दाराखालच्या पट्टीवरून सहज बोट फिरवलं. पुढच्या चाकाच्या मागे, जिथून पट्टी सुरू होते तिथे, बोटाला खरखर लागली. टॉर्च लावून मोजले, तर रंगाचे ११ टवके उडालेले. दोन पार पत्र्यापर्यंत गेलेले आणि त्यातल्या एकाच्या कडेला गंजाची बारीक तांबूस रेघ. उजवीकडे सात. त्याच दिवशी ठरवलं, पुढचा पावसाळा मडफ्लॅपशिवाय, म्हणजे चाकामागे चिखल-खडे अडवणाऱ्या पडद्याशिवाय, काढायचा नाही.

"जीटीला फ्लॅप लावून लूक का घालवतोस?" असं आपल्यासारख्या गाडीवेड्यांपैकी बऱ्याच जणांनी विचारलं. मला ते पटत नाही. पोलोच्याच, रॅलीसाठी बनवलेल्या डब्ल्यूआरसी गाडीने २०१३ ते २०१६ अशी सलग चार वर्षं जागतिक रॅलीचं विजेतेपद घेतलं, आणि कच्च्या रस्त्यावरच्या टप्प्यांमध्ये तिच्या चाकांमागचे मोठाले फ्लॅप आठवून बघा. खडीवर वेगाने जाणाऱ्या गाडीला ते लागतातच.

कारण साधं आहे. माझ्या १९५/५५ आर१६ टायरचा व्यास साधारण ६२ सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात चाक १.९५ मीटर जातं. ताशी ८० ला ते सेकंदाला अकराच्या वर फेरे घेतं. टायरच्या खाचेत अडकलेला खडा सुटतो तेव्हा टायरच्या गोल कडेला स्पर्शून जाणाऱ्या सरळ रेषेत, गाडीच्या दृष्टीने त्याच ८० च्या वेगाने फेकला जातो. पुढच्या चाकातून सुटलेला खडा आधी दाराखालच्या पट्टीवर आदळतो, तिथून चुकला तर मागच्या चाकाच्या कमानीच्या ओठावर. माझे टवके नेमके याच दोन जागी होते.

फ्लॅप निवडताना दोन पर्याय होते. एक रॅली पद्धतीचा, पॉलियुरेथेनची सपाट शीट आपल्या मापाने कापून लावायची. दिसायला मला तोच आवडतो. पण सोसायटीच्या पार्किंगचा उतार, स्पीडब्रेकर आणि रोजचं ऑफिस बघता साच्यातले, पोलोच्या बंपरच्या वळणाप्रमाणे बसणारे चार फ्लॅप घेतले. दुकानदाराने सोबत दिलेले स्क्रू मात्र अगदीच सुमार होते. पहिल्याच आवळणीत एकाचं डोकं गोल झालं, म्हणून सगळे बाजूला ठेवून स्टेनलेसचे घेतले. फ्लॅप बाजारातले असोत की शोरूमचे, सोबत आलेले स्क्रू आधी हातात घेऊन नीट बघा.

पहिला शनिवार, मेचा शेवट. या दिवशी एकही फ्लॅप लावला नाही. चारही चाकांमागचा भाग धुतला, कमानीच्या ओठाच्या आतल्या घडीत जुन्या टूथब्रशने घासलं. तिथून गेल्या वर्षीची कोकणातली तांबडी माती निघाली, पार कोरडी, विटेच्या भुकटीसारखी. जांभ्याची ही माती फार बारीक असते, घडीत बसली की ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खायला लागते. मग गंजाची ती एक जागा बारीक पॉलिशपेपरने पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासली, प्रायमरचा थेंब, तो वाळल्यावर गाडीच्या रंगाचे दोन पातळ हात. ब्रशऐवजी टूथपिकचं टोक वापरलं. टवका मोहरीएवढा असेल तर ब्रशने रंग आजूबाजूला पसरतो, टूथपिकने थेंब बरोबर खड्ड्यात बसतो.

हे सगळं आधी करण्यामागे कारण आहे, आणि फ्लॅप लावणाऱ्या प्रत्येकाला मला हेच कळकळीने सांगायचंय. फ्लॅपची कड रंगाला टेकते. गाडी चालताना ती थरथरते. मध्ये बारीक वाळू शिरली की तीच कड पॉलिशपेपरचं काम करते आणि दोन वर्षांत फ्लॅपच्या आकाराची एक रेघ पत्र्यापर्यंत जाते. दगडांपासून वाचवायला लावलेल्या वस्तूखालीच गंज धरतो. म्हणून जिथे जिथे फ्लॅप रंगाला टेकणार, तिथे बोटभर रुंदीची पारदर्शक पीपीएफची (रंग जपणाऱ्या चिकट फिल्मची) पट्टी आधी चिकटवली. फ्लॅप नुसता जागेवर धरून कडेने पेन्सिलची खूण केली, फ्लॅप काढला, खुणेच्या दोन्ही बाजूंना फिल्म जाईल असं कापलं. चारही चाकांना मिळून फूटभर फिल्मसुद्धा लागली नाही.

दुसरा शनिवार, जूनचा पहिला आठवडा. फक्त डावी बाजू लावली, मुद्दाम. उजवी तशीच ठेवायची आणि एकाच रस्त्यावर दोन्ही बाजू ताडून बघायच्या, असं ठरवलं होतं.

पुढचा फ्लॅप चाक न काढता बसतो. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की चाकाची मागची बाजू आत जाते आणि कमानीच्या लायनरचे, म्हणजे आतल्या प्लास्टिकच्या अस्तराचे, टी-२५ टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचे) स्क्रू समोर येतात. दोन स्क्रू काढले, फ्लॅप मध्ये घेतला, तेच भोक वापरून लांब स्क्रू लावले. तिसऱ्या जागी भोक नव्हतं, तिथे ड्रिल मारावं लागलं, पण फक्त लायनरच्या प्लास्टिकला. पत्र्याला भोक पाडायचं नाही हा माझा नियम आहे. पत्र्याला पाडलेलं भोक म्हणजे गंजाला दिलेलं दार, वरून कितीही रंग लावा. प्लास्टिकच्या कडेवर यू-क्लिप (यू आकाराची, आटे असलेली चिमटी) सरकवली, तिच्यात स्क्रू बसतो आणि धरतो.

मागच्याला चाक काढावं लागतं, नाहीतर हात वळत नाही. गाडी सपाट जागी, गिअर पी वर, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून विटा. जॅक पट्टीवरच्या खुणेच्या जागीच, मध्ये रबराचा गट्टू ठेवून, आणि जॅकच्या शेजारी स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही. फोक्सवॅगनला चाकाचे नट नसतात, बोल्ट असतात. त्यामुळे चाक परत लावताना ते टांगून ठेवायला काही नसतं, एका हाताने तोलत भोकं जुळवावी लागतात. मी त्याच आट्याची एक लांब सळी सगळ्यात वरच्या भोकात फिरवून ठेवतो, तिच्यावर चाक अडकवतो, चार बोल्ट हाताने लावतो आणि मग सळी काढून पाचवा. पाचही बोल्ट १७ च्या गोटी पान्याने समोरासमोरच्या क्रमाने, शेवटी टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटर. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपासले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुळशीमार्गे ताम्हिणीपर्यंत जाऊन आलो. पाऊस झोडपत होता, पौडच्या पुढे रस्त्याच्या कडेला डबकी. घरी आल्यावर गाडी न धुता आधी टेप काढली. उजव्या मागच्या दारावर चिखलाची रेघ पट्टीपासून ३६ सेंटिमीटर वर गेलेली, डावीकडे ११. आपण डावीकडून चालवतो, डबकी रस्त्याच्या डाव्या कडेला असतात, म्हणजे खरं तर डावी बाजू जास्त माखायला हवी होती. मी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवलेत. उजव्या कमानीच्या ओठावर हात फिरवला तर ओल्या वाळूचा थर, डावीकडे नुसतं पाणी.

तिसरा शनिवार. उजवी बाजू. तासात होईल असं वाटलं होतं, पण अर्धा दिवस गेला.

यावेळी पुढचा फ्लॅप गाडी जॅकवर असतानाच बसवला, म्हटलं एकाच वेळी पुढचं-मागचं उरकू. टायर आणि फ्लॅपमध्ये बोट सहज जात होतं. गाडी खाली घेतली, पार्किंगमधून रिव्हर्स काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि 'खर्र' असा आवाज आला. उतरून बघितलं तर टायरच्या खांद्याने फ्लॅपच्या आतल्या कोपऱ्याला चाटून चकाकती रेघ पाडलेली.

बाबा खुर्ची टाकून बघत बसले होते. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ते म्हणाले, "अरे, चाक लटकत असताना फट मोजायची नसते. स्प्रिंग मोकळी झाली की चाक खाली सुटतं, जागा वेगळीच दिसते. गाडी जमिनीवर उतरव, आत माणसं बसव, मग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ."

"बाबा, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस. आमच्या गाड्यांना टायरच्या रबराचे फ्लॅप असायचे, ते घासले तर वाकून सरकायचे. तुझं हे प्लास्टिक कडक आहे."

त्यांचं बरोबर होतं. फ्लॅप काढला. आईकडून मोठं पातेलं मागून घेतलं, पाणी कढत केलं आणि फ्लॅपचा तेवढाच कोपरा पाण्यात दोन-तीन मिनिटं धरला. प्लास्टिक मऊ झाल्यावर हातमोजे घालून तो कोपरा मागच्या बाजूला बोटभर वळवला आणि नळाखाली गार होईपर्यंत तसाच दाबून धरला. हीट गनने हेच काम पटकन होतं, पण एका जागी जास्त तापलं की प्लास्टिक चमकतं आणि पातळ होतं. पाण्याने तसं होत नाही. परत लावला, आई-बाबांना मागे बसवलं, दोन्हीकडे पूर्ण वळवलं, उतारावरूनही गाडी काढली. आवाज नाही. डावीकडचा फ्लॅप गाडी जमिनीवर असताना लावला होता, म्हणून तिथे हा त्रास झाला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

मागच्या उजव्या बाजूला एका यू-क्लिपचे आटे गेले, मीच हौसेने जास्त आवळला. लायनर मऊ असतं, स्क्रू टेकला की पाव फेरा पुरतो. क्लिप बदलली, खाली रबरी वायसर दिला. आणखी एक गोष्ट करून ठेवली : पट्टीच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, फ्लॅप त्यांच्यावर येत नाही ना हे चारही ठिकाणी आरशाने बघितलं. एका जागी फ्लॅपची जीभ भोकाला अर्धी झाकत होती, ती कटरने छाटली. ते पाणी आत कोंडलं असतं तर पट्टी आतून सडली असती आणि बाहेरून कळलंही नसतं.

चौथा शनिवार-रविवार, जुलै. खरी परीक्षा. पुणे, ताम्हिणी, माणगाव, महाड, चिपळूण, आणि परतीला कुंभार्ली घाटातून कोयनानगर, पाटण, कऱ्हाड, सातारा. पाचशे किलोमीटरच्या आसपास. महामार्गाच्या कामाच्या टप्प्यांत खडी, घाटात धुकं आणि वाहून आलेली माती, चिपळूणजवळ एका वाडीकडे जाणारा जांभ्याचा कच्चा रस्ता. दोन स्पीडब्रेकरवर पुढचे फ्लॅप खालून घासले, हळू गेलो असतो तर कदाचित घासले नसते. खालची कड दहा मिलिमीटरने छाटायचा विचार आहे, अजून ठरवलेलं नाही.

मागची काच आणि डिकीचं दार मात्र जवळजवळ पूर्वीइतकंच मळलं. हॅचबॅकच्या मागे हवेची पोकळी तयार होते, ती बारीक तुषार ओढून काचेवर आणते, आणि एवढासा फ्लॅप ते थांबवू शकत नाही. मागचा वायपर स्वच्छ राहील या आशेने कोणी फ्लॅप घेत असेल तर घेऊ नका. टवक्यांसाठी घ्या.

घरी आल्यावर पुढचा डावा फ्लॅप उघडून बघितला. आत लायनर आणि फ्लॅपच्या बेचक्यात मूठभर तांबडा चिखल साठला होता. फिल्मवर बारीक ओरखडे आलेत, खालचा रंग तसाच तुकतुकीत. खालचा एक स्क्रू आता थोडा ढिला ठेवलाय, म्हणजे पाणी मारलं की चिखल त्या फटीतून निघून जातो. पावसाळा संपला की दसऱ्याला गाडीची पूजा करायच्या आधी चारही उघडून, धुऊन, कोरडे करून परत लावणार.

मग टॉर्च घेऊन पट्टीशी बसलो आणि बाबांना मोजायला लावलं, म्हणजे माझ्या डोळ्यांनी पक्षपात नको. डावीकडे ११, सगळे जुने, भरलेले. उजवीकडे आठ. आठवा नवीन, तिळाएवढा, फ्लॅपच्या वरच्या कडेच्या बोटभर वर, आणि अजून प्रायमरपर्यंत पोचलेला नाही. रंगाची बाटली आणि टूथपिक बाहेरच काढून ठेवलंय, उघडीप मिळाली की भरतो.