आमची वाटचाल : २१ वॅटच्या जागी ३ वॅट

वागळे इस्टेटमधला आमचा गाळा ऑटो वायरिंगवर चालतो. मधली बरीच वर्षं सेल्फ, अल्टरनेटर, हॉर्न यांतच गेली. धंदा बसायची वेळ आली ती एलईडी बल्बांमुळे. बसवून दिलेल्या गाड्या आठवड्यात परत येऊ लागल्या: डीआरएल (दिवसाही पेटते राहणारे पुढचे दिवे) लुकलुकतात, डॅशबोर्डवर बल्बची खूण पेटते, गाडी बंद केली तरी मंद उजेड राहतो. शेजारच्या एका दुकानदाराने गिऱ्हाइकांना सांगितलं, ‘यांनी वायरिंग जाळलं.’ ते आजही सलतं, कारण वायरिंग ठणठणीत होतं.

मूळ बल्ब २१ वॅटचा, १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर घेणारा. एलईडी ३ वॅटचा, जेमतेम पाव अँपिअर. करंट इतका कमी दिसला की बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीचे दिवे सांभाळणारा कॉम्प्युटर, समजतं, बल्ब उडाला. ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर बल्बला समांतर जोडला की खूण जाते. पण लुकलुक बऱ्याचदा जात नाही, कारण ती वेगळी गोष्ट. काही गाड्यांत डीआरएलला सलग करंट नसतो, पीडब्ल्यूएमचे, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या करंटचे, तुटक ठोके असतात. फिलामेंट तेवढ्यात थंड होत नाही, एलईडी मात्र दर ठोक्याला विझतो. तिथे ठोक्यांमधली पोकळी भरून काढणारा कपॅसिटरवाला डिकोडरच लागतो.

वाशीचे एक टूरवाले काका त्या दिवसांतही गाडी आमच्याकडेच ठेवून जायचे. ‘आधी जुना बल्ब लावून बघा,’ हे त्यांचंच म्हणणं. आजही आमची पहिली पायरी तीच. दोष गेला तर वायरिंग साफ. नाही गेला, तर जुना बल्ब पेटता ठेवूनच होल्डरची अर्थ (निगेटिव्ह वायर) ते बॅटरीचं निगेटिव्ह असा व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं की अर्थचा बोल्ट पॉलिश पेपरने घासा, कप्लरमधला (वायर जोडायच्या प्लगमधला) हिरवा गंज काढा. एलईडी लावून मोजलंत तर करंट इतका कमी की खराब अर्थही चांगली दिसते. वेज होल्डरमध्ये, म्हणजे बल्ब सरळ खुपसायच्या होल्डरमध्ये, एलईडी पेटलाच नाही, तर उलटा फिरवून लावा.

रेझिस्टर पत्र्यावरच स्क्रूने बसवा. इंजिन चालू असताना तो ३२-३३ वॅट उष्णता टाकतो. बंपरला टायने बांधलात तर प्लास्टिक वितळेल. जोड सोल्डर करून श्रिंक ट्यूब चढवा. टोचून बसवायच्या क्लिपा घोडबंदरच्या एका पावसाळ्यात गंजतात.

त्याच शेजाऱ्याची गिऱ्हाइकं आता आमच्याकडे येतात. लुकलुक थांबेना म्हणून एकाच दिव्याला दोन-दोन रेझिस्टर लावलेले असतात, म्हणजे इंजिन चालू असताना साडेचार अँपिअरच्या वर भार. आम्ही दोन्ही काढतो आणि जुना बल्ब मागतो.