बचावाची रेषा कोण आखतो?

फुटबॉलमध्ये आघाडीपटूने गोल केला की श्रेय कोणाचे, याविषयी फारसा वाद होत नाही. बचावाचे तसे नाही. एखाद्या संघाने हंगामभर मोजकेच गोल पत्करले, की काही जण सेंटर बॅकचे, म्हणजे गोलासमोर मध्यभागी उभ्या राहणाऱ्या बचावपटूचे नाव घेतात, काही जण गोलरक्षकाचे, आणि उरलेले प्रशिक्षकाचे. माझे मत स्पष्ट आहे: बचावात प्रशिक्षकाचा वाटा खेळाडूंच्या गुणवत्तेपेक्षा मोठा असतो. मात्र त्यासाठी नेहमी जे कारण दिले जाते, म्हणजे प्रशिक्षक संघाला शिस्त लावतो, ते मला अपुरे वाटते. शिस्त लागतेच, पण त्याहून महत्त्वाचे हे की बचाव मैदानाच्या कोणत्या भागात करायचा, किती मोकळी जागा मागे सोडायची आणि प्रतिस्पर्ध्याला कोणत्या दिशेने जाऊ द्यायचे, हे प्रशिक्षक ठरवतो, आणि बचावपटूंना किती गुणवत्ता लागणार हेही त्यावरूनच ठरते.

या वादात पुरावा म्हणून जी उदाहरणे दिली जातात, त्यांतली बरीचशी कामाची नसतात. चेल्सीने 2004-05 च्या प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, 38 सामन्यांत केवळ 15 गोल पत्करले. आदल्या हंगामात तोच आकडा 30 होता. मधल्या उन्हाळ्यात जोसे मोरिन्यो प्रशिक्षक म्हणून आले, हे खरे. पण त्याच उन्हाळ्यात गोलरक्षक पीटर चेक, रिकार्डो कार्व्हालो आणि पाउलो फरेरा हेही आले. प्रशिक्षक आणि बचावफळी दोन्ही एकदमच बदलल्यावर सुधारणा कोणामुळे झाली, हे वेगळे काढणार कसे? दोघांपैकी एक घटक स्थिर राहिला आणि दुसराच बदलला, अशी उदाहरणे शोधावी लागतात, आणि ती फार थोडी आहेत.

त्यांतले सर्वांत स्वच्छ उदाहरण पुन्हा चेल्सीचेच आहे. जानेवारी 2021 मध्ये फ्रँक लॅम्पार्ड यांना हटवून टॉमस टुखेल यांना आणले गेले, तेव्हा लीगचा हंगाम बरोबर अर्ध्यावर होता. लॅम्पार्ड यांच्या 19 सामन्यांत संघाने 23 गोल पत्करले होते. टुखेल यांच्या 19 सामन्यांत 13 पत्करले, आणि त्यांतले पाच एकाच सामन्यातले होते, ज्याकडे मी पुढे येणारच आहे. संघात एकही नवा बचावपटू आला नव्हता. गोलरक्षक एदुआर मेंडी आणि बचावपटू थियागो सिल्वा हे दोघेही लॅम्पार्ड यांच्याच काळात दाखल झाले होते. अँटोनियो रुडिगर तर त्या हंगामाच्या पूर्वार्धात बहुतेक वेळ बाकावर बसून होता, आणि तोच रुडिगर वसंत ऋतूत युरोपातल्या उत्तम बचावपटूंमध्ये गणला जाऊ लागला. त्याची गुणवत्ता त्या तीन-चार महिन्यांत वाढली, असे कोणी म्हणणार नाही.

मग बदलले काय? टुखेल यांनी मागे तीन सेंटर बॅक ठेवले आणि त्यांच्या पुढे दोन मध्यरक्षकांची जोडी उभी केली. लॅम्पार्ड यांच्या संघाची खरी दुखरी जागा बचावफळी नव्हतीच. चेंडू गमावल्यावर मधल्या फळीमागे जे मोकळे पटांगण उघडे पडत असे, ती होती. प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन थेट तिथून धावत येई, आणि बिचाऱ्या सेंटर बॅकला पुढे जाऊन भिडावे की मागे सरकावे, हे क्षणात ठरवावे लागे. टुखेल यांच्या रचनेत तो चेंडू गमावण्याची वेळच कमी वेळा येत असे, आणि आलीच तर मागे पाच माणसे आधीच जागेवर असत. रुडिगर पुढे धावून जाऊ लागला, कारण त्याच्या मागे सिल्वा उभा आहे याची त्याला खात्री होती. टुखेल यांच्या पहिल्या 14 सामन्यांत चेल्सीने सर्व स्पर्धा मिळून केवळ दोन गोल पत्करले, आणि त्यांतला एक तर रुडिगरचाच स्वयंगोल होता.

आता त्या पाच गोलांकडे येतो. 3 एप्रिल 2021 रोजी गुणतक्त्यात तळाजवळ असलेल्या वेस्ट ब्रॉमविच अल्बियनने चेल्सीला त्यांच्याच मैदानावर 5-2 असे हरवले. त्या सामन्याच्या पहिल्या अर्ध्या तासातच थियागो सिल्वाला लाल कार्ड मिळाले होते. गुणवत्तेच्या बाजूने बोलणारे लोक हा सामना हमखास पुढे करतात: बघा, एक सिल्वा गेला आणि सगळी व्यवस्था कोसळली. परंतु लाल कार्डाने केवळ सिल्वा जात नाही, एक माणूस जातो, आणि त्याबरोबर संघाची संपूर्ण आखणी जाते. याउलट त्याच वर्षी 29 मे रोजी पोर्तो येथे झालेल्या चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सिल्वा दुखापतीमुळे मध्यंतरापूर्वीच बाहेर गेला, त्याच्या जागी आंद्रेयास क्रिस्टेन्सन आला, आणि मँचेस्टर सिटीसारख्या संघाला उरलेल्या वेळात एकही गोल करता आला नाही. माणूस बदलला, पण जागा भरलेली राहिली. हे दोन सामने शेजारी ठेवून पाहिले, तर माझ्या मते वादाचा मोठा भाग तिथेच संपतो.

मोठा भाग म्हणतो, सगळा नाही, कारण उलट दिशेचे उदाहरणही तेवढेच ठळक आहे. लिव्हरपूलमध्ये युर्गन क्लॉप ऑक्टोबर 2015 पासून प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाने 2016-17 मध्ये 42, पुढच्या हंगामात 38 आणि 2018-19 मध्ये अवघे 22 गोल पत्करले. प्रशिक्षक तेच, खेळण्याची पद्धतही बरीचशी तीच. दरम्यान जानेवारी 2018 मध्ये व्हर्जिल व्हॅन डायक साडेसात कोटी पौंडांना आला आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गोलरक्षक अॅलिसन आला.

व्हॅन डायक म्हणजे नेमके काय, हे ज्याला पाहायचे असेल त्याने 31 मार्च 2019 च्या टॉटेनहॅमविरुद्धच्या सामन्यातले एक दृश्य शांतपणे पाहावे. गुणसंख्या 1-1, सामना संपायला काही मिनिटे उरलेली, आणि लिव्हरपूल विजयासाठी पुढे सरकलेले. टॉटेनहॅमचे दोन खेळाडू, चेंडू घेऊन मुसा सिसोको आणि त्याच्या बाजूला सोन ह्युंग-मिन, एकट्या व्हॅन डायककडे धावत येतात. व्हॅन डायक टॅकल करायला जात नाही. तो मागे मागे सरकत, शरीर अशा कोनात ठेवतो की सोनकडे जाणारा पास बंद राहील, आणि सिसोकोला पुढे जाऊ देतो. दोघांपैकी अचूक नेमबाज सोन आहे, सिसोको नव्हे, हे त्याला ठाऊक आहे. पासची शक्यता संपल्यावर, शेवटच्या क्षणी, तो सिसोकोच्या अंगावर जातो, त्यामुळे सिसोकोला डाव्या, म्हणजे कच्च्या पायाने फटका मारावा लागतो, आणि चेंडू गोलपट्टीवरून बाहेर जातो. काही मिनिटांत स्वयंगोलामुळे लिव्हरपूल जिंकते. त्या पाच-सहा सेकंदांत व्हॅन डायकने घेतलेला निर्णय कोणताही प्रशिक्षक बाजूच्या रेषेवरून घेऊ शकत नाही. ही निखळ गुणवत्ता आहे, आणि तिचा मुख्य भाग पायांत नसून नजरेत आणि धीरात आहे.

पण हेही लक्षात घ्यावे की व्हॅन डायकवर ती वेळ आलीच कशामुळे. क्लॉप यांची बचावफळी मैदानाच्या मध्यरेषेजवळ उभी राहत असे, दोन्ही फुल बॅक, म्हणजे बगलेचे बचावपटू, आघाडीपर्यंत जात आणि मागे चाळीसेक मीटर मोकळी जागा असे. अशा संघात सेंटर बॅक वेगवान हवा, एकटा दोघांना सांभाळणारा हवा आणि गोलरक्षकही पुढे येऊन चेंडू साफ करणारा हवा. म्हणजे क्लॉप यांनी बचावाची रेषा जिथे आखली, तिनेच असामान्य खेळाडूंची गरज निर्माण केली. असा खेळाडू मिळेपर्यंत संघ गोल पत्करत राहिला.

रेषा मागे आखली की मागणी बदलते. ऑटो रेहागेल यांच्या ग्रीसने 2004 च्या युरो स्पर्धेत फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि पोर्तुगाल या तिघांनाही बाद फेरीत 1-0 असे हरवून विजेतेपद मिळवले. त्या बचावफळीत ज्यांची नावे जगभर गाजत होती असा एकही खेळाडू नव्हता. वालिद रेग्रागी यांना मोरोक्कोचा संघ विश्वचषकाच्या तीन महिने आधी मिळाला, आणि 2022 च्या त्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत त्यांच्यावर झालेला एकमेव गोल स्वयंगोल होता. आपल्या पेनल्टी क्षेत्रासमोर दाटीने उभे राहून, मधली जागा बंद करून, चेंडू बगलेकडे ढकलून लावायचा, यासाठी सहनशक्ती, एकाग्रता आणि हवेतले चेंडू जिंकण्याची ताकद लागते. मोकळ्या मैदानात एकट्याने धावत जाऊन वाचवण्याची कला फारशी लागत नाही. पहिल्या गोष्टी शिकवता येतात. शेवटची शिकवणे फार कठीण आहे.

रेषा पुढे असूनही शिकवणुकीच्या बळावर ती टिकवल्याचे उदाहरण शोधायचे, तर अरिगो साकी यांच्या एसी मिलान या इटालियन क्लबकडे जावे लागते. साकी स्वतः कधीच व्यावसायिक फुटबॉल खेळले नव्हते. 1987 मध्ये ते मिलानमध्ये आले आणि पहिल्याच हंगामात संघाने 30 सामन्यांत 14 गोल पत्करून लीग जिंकली. बचावफळी आणि आघाडी यांच्यात सुमारे 25 मीटरपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचे नाही, असा त्यांचा आग्रह असे. सरावात ते चेंडूच काढून घेत. चेंडू अमुक ठिकाणी आहे असे ते सांगत, आणि सगळा संघ त्या काल्पनिक चेंडूप्रमाणे एकत्र सरके: चेंडू बगलेला गेला की चौघेही त्या बाजूला, चेंडू मागे खेळला गेला की चौघेही एकदम दोन-चार पावले पुढे, आणि प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू मान वर करून लांब पास देण्याच्या तयारीत दिसला की लगेच मागे. हे शेवटचे मला सर्वांत मोलाचे वाटते. बचावपटूने चेंडूकडे पाहायचेच, पण चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्यावर दडपण आहे की नाही, हे आधी पाहायचे. दडपण असेल तर रेषा पुढे न्यायची, नसेल तर मागे. चौघांनी हे एकाच क्षणी ओळखले नाही, तर एकटा चुकार माणूस ऑफसाइडचा सापळा, म्हणजे एकदम पुढे सरकून प्रतिस्पर्ध्याला नियमबाह्य जागी अडकवण्याचा डाव, मोडून टाकतो.

तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बरेसी आणि माल्दिनी ही मिलानची चौकडी होती, आणि बरेसी व माल्दिनी हे कोणत्याही काळात कोणत्याही संघात शोभले असते, यात शंका नाही. म्हणूनच पुढची घटना मला फार बोलकी वाटते. साकी गेल्यावर फाबियो कापेलो आले, आणि 1994 मध्ये अथेन्स येथे चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मिलानची गाठ योहान क्रायफ यांच्या बार्सिलोनाशी पडली. समोर रोमारियो आणि स्टोइच्कोव्ह हे आघाडीपटू होते, आणि बरेसी व कोस्ताकुर्ता हे दोन्ही सेंटर बॅक निलंबित होते. माल्दिनीला मध्ये आणून फिलिप्पो गाली याच्याबरोबर खेळवले गेले. मिलानने सामना 4-0 असा जिंकला. वर्षानुवर्षे गिरवलेली हालचाल त्या जागेत इतकी मुरलेली होती की तिथे उभा राहणारा माणूस बदलूनही ती बिघडली नाही.

इथे प्रशिक्षण आणि गुणवत्ता यांतली भिंतच पातळ होऊ लागते. आर्सेनलच्या बाबतीत तर ती जवळजवळ नाहीशी होते. जॉर्ज ग्रॅहम यांनी ली डिक्सन, टोनी अॅडम्स, स्टीव्ह बोल्ड आणि नायजेल विंटरबर्न यांची फळी अशी घोटून तयार केली की 1990-91 मध्ये संघाने 38 सामन्यांत 18 गोल पत्करले. ग्रॅहम 1995 मध्ये गेले. आर्सेन वेंगर 1996 मध्ये आले, त्यांचा ओढा आक्रमक खेळाकडे होता, आणि तरीही 1998-99 मध्ये, त्या खेळाडूंनी तिशी ओलांडल्यावर, संघाने 17 गोल पत्करले. ते श्रेय कोणाचे? वेंगर यांनी खेळाडूंच्या आहाराकडे आणि शरीराकडे लक्ष देऊन त्यांची कारकीर्द लांबवली, हे मान्य. पण उभे कुठे राहायचे आणि पुढे कधी सरकायचे, हे त्यांना दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच माणसाने शिकवले होते. जे एकेकाळी प्रशिक्षण होते, ते तोवर त्या खेळाडूंची गुणवत्ता म्हणून ओळखले जाऊ लागले होते. आज आपण एखाद्या अनुभवी बचावपटूच्या जागेच्या जाणिवेचे कौतुक करतो, तेव्हा बहुतेकदा कोणा जुन्या प्रशिक्षकाच्या मेहनतीचेच कौतुक करत असतो.

लिव्हरपूलच्या 2020-21 च्या हंगामातही हेच एका वेगळ्या बाजूने दिसले. व्हॅन डायक ऑक्टोबरमध्ये जायबंदी झाला, पुढे जो गोमेझ आणि जोएल मातिप हेही गेले, आणि क्लॉप यांनी फाबिन्यो व हेंडरसन या मध्यरक्षकांना मागे खेळवले. त्या काळात संघ स्वतःच्या मैदानावर लागोपाठ सहा लीग सामने हरला. मार्चपासून फाबिन्योला पुन्हा मधल्या फळीत नेले गेले आणि मागे नॅट फिलिप्ससारखे नवखे खेळाडू उभे केले गेले. कागदावर बचावफळी दुबळी झाली. प्रत्यक्षात संघ शेवटच्या दहा लीग सामन्यांत एकदाही हरला नाही आणि तिसरा आला. नवख्या सेंटर बॅकचे रक्षण त्यांच्या पुढची मधली फळी करत होती.

म्हणून एखादा संघ सतत गोल पत्करू लागला की नवा सेंटर बॅक विकत घ्या असा जो गलका होतो, तो मला घाईचा वाटतो. आधी ते गोल येतात कुठून, हे पाहावे. मधल्या मोकळ्या जागेतून प्रतिस्पर्धी धावत येत असतील, तर मागे कोणीही उभा केला तरी तो उघडा पडणारच. बचावपटू जागेवर असूनही एकास एक लढतीत हरत असतील, उंच चेंडू गमावत असतील, तर मात्र पैसे खर्च करण्याला पर्याय नाही.

गोलरक्षकाच्या बाबतीत मी माझे मत उलट करतो. फटका बसेपर्यंतचे सगळे काही प्रशिक्षकाच्या आवाक्यात असते. फटका कमी वेळा, दुरून आणि वाईट कोनातून बसावा, अशी आखणी तो करू शकतो. पण चेंडू पायावरून सुटल्यानंतरचा अर्धा सेकंद सर्वस्वी हातमोजे घातलेल्या माणसाचा असतो, आणि तिथे चांगला आणि असामान्य यांतला फरक कोणत्याही सरावाने पूर्ण भरून निघताना मी पाहिलेला नाही. संघ उभारताना एकाच जागेवर गुणवत्तेसाठी हात सैल सोडायचा असेल, तर मी तो तिथे सोडेन, आणि त्याच्या पुढच्या चौघांसाठी आधी चांगला प्रशिक्षक शोधेन.