नोकरी गेलेला राजकवी

रविवार, रात्र

दुपारपासून जॉन ड्रायडनची शेवटची दहा-अकरा वर्षं वाचत बसले होते. डोक्यातून जाईना, म्हणून लिहून ठेवते.

१६६८ पासून हा इंग्लंडचा राजकवी. पगार होता, वेळेवर मिळत नसे ही गोष्ट वेगळी. पुढे तो कॅथलिक झाला आणि थोड्याच वर्षांत वारं फिरलं. १६८८ च्या अखेरीस कॅथलिक राजा जेम्स फ्रान्सला पळाला, प्रॉटेस्टंट विल्यम गादीवर आला. नव्या राजाच्या निष्ठेची शपथ घ्यायची होती, ड्रायडनने ती घेतली नाही. झालं, साठीच्या उंबरठ्यावर पद गेलं. आणि मिळालं कुणाला, तर थॉमस शॅडवेलला! ज्याला ड्रायडनने एका अख्ख्या कवितेत मूर्खपणाच्या साम्राज्याचा युवराज ठरवला होता, त्यालाच. इतकी चपखल फजिती एखाद्या नाटककाराने लिहिली असती तर आपण म्हटलं असतं, अति झालं.

पण हा माणूस रडत बसला नाही. थोडी नाटकं लिहिली, मग भाषांतरांवर बसला. जेकब टॉन्सन हा त्याचा प्रकाशक, पक्का धंदेवाला. त्याने प्राचीन रोमन कवी व्हर्जिलचं भाषांतर आगाऊ वर्गणीवर काढायचं ठरवलं. पाच गिन्या (तेव्हाची सोन्याची नाणी) देणाऱ्या एकशे एक जणांच्या वाट्याला एकेक चित्रपान, त्यावर त्यांचं नाव आणि कुलचिन्ह. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात ना, अगदी तसं. चित्रंसुद्धा नवी नव्हती, जॉन ऑगिल्बीच्या चाळीसेक वर्षं जुन्या व्हर्जिलसाठी कोरलेलेच तांब्याचे पत्रे पुन्हा वापरले. टॉन्सनच्या मनात होतं, ग्रंथ विल्यमला अर्पण करावा. ड्रायडन बधला नाही. तेव्हा टॉन्सनने काय करावं? चित्रांतल्या नायकाचं, ईनियसचं, नाक नव्याने कोरून विल्यमसारखं बाकदार करून घेतलं! १६९७ मध्ये पुस्तक त्या नाकासकट बाहेर पडलं. हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले.

दोघांची पत्रं तर भारीच आहेत. तेव्हा इंग्लंडात चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून चांदी काढून घ्यायची कीड पसरली होती. ड्रायडन टॉन्सनला लिहितो की तुम्ही बायकोला बदलून दिलेल्या पैशांत कातरलेली नाणी होतीच, वर निदान चाळीस शिलिंग पितळेचे निघाले. व्हर्जिलला इंग्रजीत आणणारा माणूस घरी बसून खोटी नाणी वेगळी काढतोय. कवीचं चरित्र वाचताना असल्या जागी मी जरा जास्तच रेंगाळते.

मग शेवटचं पुस्तक. १६९९ चा करार आहे, दहा हजार ओळींना अडीचशे गिन्या. हिशेब केला तर ओळीमागे सहा-साडेसहा पेन्स पडतात. मोजून मापून काम, आणि माणसाने कराराहून जास्तच ओळी दिल्या. जुना इंग्रज कवी चॉसर, रोमन ओव्हिड, इटालियन बोकाचिओ यांच्या गोष्टी, थोड्या स्वतःच्या कविता. मार्च १७०० मध्ये पुस्तक आलं. माझं मत विचाराल तर दरबारी काळातल्या गडगडाटी नाटकांपेक्षा हे म्हातारपणचं मजुरीचं लेखन कितीतरी मोकळं आहे. प्रस्तावनेचं गद्य तर गप्पा मारल्यासारखं. चॉसरबद्दल बोलायला लागला की थांबतच नाही.

गडगडाटी नाटकांवरून आठवलं. त्यातलं एक औरंगजेबावर आहे! १६७५ चं, म्हणजे महाराजांच्या राज्याभिषेकानंतर दीडेक वर्षातलं, आणि औरंगजेब तर हयात. आधार फ्रेंच प्रवासी बर्नियेच्या प्रवासवर्णनाचा, पण नाटकातला औरंगजेब बापाशी एकनिष्ठ, प्रेमात पडलेला, सद्गुणी नायक आहे. शहाजहानच मुलाच्या प्रेयसीवर भाळतो. मराठी माणसाने हे वाचून काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं. आणि ड्रायडनचं शेवटचं पुस्तक लंडनमध्ये आलं त्या मार्चमध्ये इकडे सिंहगडावर राजाराम महाराज गेले, खरा औरंगजेब साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता, आणि एप्रिलमध्ये किल्ला त्याच्या हाती गेला. १ मे रोजी ड्रायडन गेला. (तिकडे त्या काळी जुनं ज्युलियन पंचांग होतं, म्हणून दहा-अकरा दिवसांचा फरक धरायचा.)

हे औरंगजेबाचं नाटक ड्रायडनने जॉन शेफील्ड या उमरावाला अर्पण केलं होतं. हा गृहस्थ पुन्हा पुन्हा येतो. १६७९ मध्ये कॉव्हेंट गार्डनजवळच्या रोझ अॅलीत भाडोत्री गुंडांनी ड्रायडनला रात्री बेदम मारलं. पन्नास पौंडांचं बक्षीस लावूनही कुणी सापडलं नाही. कारण म्हणून बोट दाखवलं जातं ते तेव्हा हातोहात फिरणाऱ्या एका निनावी उपहास-कवितेकडे. लोक ती ड्रायडनची समजले. ती मुळात शेफील्डची, ड्रायडनने फार तर हात फिरवला असेल.

ड्रायडनला आधी लंडनच्या सोहो भागात पुरलं, मग उकरून काढून थाटामाटाने वेस्टमिन्स्टर अॅबेत चॉसरशेजारी नेलं. थाट झाला आणि दगड बसवायचं राहिलं, ते वीस वर्षं. शेवटी १७२० मध्ये स्मारक उभारलं ते याच शेफील्डने, आता तो ड्यूक झालेला. त्यावर ड्रायडनचं नाव, दोन सालं, आणि खाली ड्यूकसाहेबांचं नाव किताबासकट. जन्मसाल १६३२ कोरलंय. ड्रायडन १६३१ चा.